उद्यापुरतं विरजण

अण्णांनी दह्याचं अख्खं भांडं शेजारच्या कुमुदच्या हातात ठेवलं. बायकोच्या माघारी दोन वर्षं तिचंच विरजण त्यांनी रोज लावून टिकवलं होतं.

"आता तूच सांभाळ."

"उद्यापुरतं चमचाभर ठेवलंत ना?"

"उद्या कोणाला हवंय?"

कुमुदने भांडं खाली ठेवलं. मग तिने सरळच विचारलं, "अण्णा, जीव द्यायचं मनात आहे का?"

त्यांचा मुलगा फोनवर गोळ्या घेतल्या का ते विचारायचा. हे कोणीच विचारलं नव्हतं. अण्णा उंबऱ्यावर बसले. त्यांना नाही म्हणवेना.

ती त्यांच्याशेजारी टेकली. मग आतून वाटी आणून तिने चमचाभर दही तीत काढून दिलं. "संध्याकाळी दूध तापवायला मी येते. विरजण तुम्हीच लावायचं."

कशातच राम वाटत नव्हता. तरी वाटी कलंडू नये म्हणून अण्णांनी ती दोन्ही हातांनी धरली.