चार पट्ट्या खाली

नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायका वाहिनीवर नाव-चेहरा न दाखवता बोलायच्या. ध्वनिमुद्रक त्यांचा आवाज चार पट्ट्या खाली उतरवायचा, म्हणजे तो पुरुषी वाटे आणि कुणाला ओळखू येत नसे. मूळ आवाज तो ऐकतच नसे. आधी उतरवायचा, मग ऐकायचा. रोजची ती रडारड ऐकून त्याचे कान विटले होते. उतरवलेल्या आवाजातलं दुःख निदान परक्याचं वाटे.

त्या दिवशीच्या आठव्या रेकॉर्डिंगमधली बाई बोलू लागली, तशी शेजारी बसलेली वार्ताहर हसली. "अहो, हा तर डिट्टो तुमचा आवाज!"

"सकाळपासून माझीच बडबड ऐकताय, दुसरं काय होणार?" त्याने जांभई दिली.

स्पीकरवर बाई सांगत होती, "आई गेल्यापासून माहेरी एक भाऊच आहे. त्याला सांगावं म्हणून फोन करते, तर तो म्हणतो, कामात आहे गं ठमे, नंतर बोलू."

आवाज त्याचा होता. शब्दही त्याचेच होते. त्याची जांभई अर्ध्यातच राहिली.

"ओळखू येत नाही ना कुणाला?" वार्ताहरने विचारलं.

"तेवढं 'ठमे' कापतो," तो कसाबसा म्हणाला आणि फोन घेऊन बाहेर आला.

बहिणीने लगेच उचलला.

"कशी आहेस गं?"

पलीकडून तिचा तो नेहमीचा बारीक आवाज आला.

"मजेत रे दादा. तू कामात असशील ना? नंतर बोलू."