राहिलेले पंचेचाळीस भाग

रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि पोकुआचा पारा चढत होता.

सकाळचे सहा वाजले होते. अंगणात मांडव पडला होता, शोकाच्या लाल-काळ्या कपड्यांतली माणसं खुर्च्या धरून बसली होती, बँडवाले आपली पितळी वाद्यं पुसत होते. आतल्या खोलीत पितळी पलंगावर दुफीला नटवून निजवलं होतं. अंगावर केंटेचं रंगीत विणीचं वस्त्र, बोटाबोटांत सोनं, आणि जिवंतपणी जिला कधी हात लावला नाही ती पावडर. नऊ आठवडे तिला शवागाराच्या थंडीत ठेवलं होतं. मुलगा हॅम्बर्गहून यायचा होता, घराला रंग द्यायचा होता. आता आठ वाजता शवपेटी बंद होणार. तोवर ज्याने त्याने पलंगाशी यायचं, तिला काय सांगायचं ते सांगायचं, आपल्या गेलेल्या माणसांसाठी निरोप द्यायचा आणि पुढे व्हायचं.

पलंगाशी पोचलेला माणूस हलायलाच तयार नव्हता. "तिकडे आईला सांग, छप्पर घातलं. नवीन पत्रा आहे म्हणावं, गळत नाही. आणि क्वाबेना भेटला तर त्याला सांग..."

"सगळ्या कुमासी गावाचे निरोप तिच्या एकटीच्या डोक्यावर," पोकुआ पुटपुटली.

मागे उभ्या असलेल्या आसेयेने विचारलं, "तुझा केवढा आहे?" आसेये चौकात केस विणायची, तिच्या दुकानातही संध्याकाळी टीव्ही लागायचा.

"पंचेचाळीस भाग."

आसेये हसली नाही. तिला हिशेब कळला. आठवड्याचे पाच, असे नऊ आठवडे.

पोकुआ आणि दुफी लहानपणी शाळेच्या मास्तरांच्या खिडकीला लटकून टीव्ही बघायला शिकल्या होत्या. रविवारचं नाटक, काळं-पांढरं, अर्धा वेळ नुसत्या मुंग्या. दुफी बुटकी, म्हणून ती पालथ्या उखळावर उभी राहायची. तेव्हापासून ते आत्ताच्या, त्यांच्या त्वी भाषेत बोलणाऱ्या मेक्सिकोच्या मालिकेपर्यंत एकही मालिका दोघींनी एकेकटीने पाहिली नव्हती. जुन्यांची सर नव्यांना नाही, असं दोघी रोज म्हणायच्या आणि नव्यांचा एक भाग चुकवायच्या नाहीत. कुठल्या भागात कुठल्या मोलकरणीने कुठलं झंपर घातलं होतं, हे पोकुआला तोंडपाठ. तिचं चुकत नसे, आणि ते ती सांगतही असे.

भांडण झालं ते मालिकेतल्या ग्रासिएलावरून. जळती बोट बुडाली, चर्चमध्ये घंटा वाजल्या, पेटी खड्ड्यात गेली. पोकुआ म्हणाली, मेली. दुफी म्हणाली, "चेहरा दाखवला का? चेहरा दाखवला नाही म्हणजे मेली नाही." शब्दाने शब्द वाढला. "तुला मालिका कळत नाहीत, उखळावर उभं राहून पाहिलेली बाई तू," असं पोकुआच्या तोंडून गेलं. दुफी उठून घरी गेली. बारा दिवस दोघी बोलल्या नाहीत. तेराव्या दिवशी दुफी नळावर कोसळली, ती उठली नाही.

आणि गेल्या मंगळवारी ग्रासिएला परत आली.

पोकुआ तशीच शवागारापर्यंत गेली होती. चौकीदाराने विचारलं, काय काम? निरोप द्यायचाय, म्हणाली. त्याने फाटक लावून घेतलं. एवढी बातमी, आणि ती जिला सांगायची ती एकटीच भेटत नव्हती. आठ दिवस पोकुआ त्या रागात होती. राग कुणावर काढायचा हेही कळत नव्हतं, म्हणून तो मिळेल त्याच्यावर निघत होता.

दार दोन पावलांवर आलं तेव्हा जाम्फीमामांनी काठी आडवी घातली. दुफीचे हे मामा म्हणजे घराण्याचे प्रमुख. "नात्यातले अजून व्हायचेत. शेजारीपाजारी नंतर."

"शेजारीपाजारी?"

"थांब म्हटलं ना, बाई."

बसमधून उतरलेले ओबुआसीचे चुलते आत गेले. मग त्यांच्या सुना. एका सुनेने दुफीला आयुष्यात पाहिलं नव्हतं, तीही पाच मिनिटं रडली. पोकुआ दातओठ खात उभी राहिली. बाहेर पेटीवाले हातमोजे चढवायला लागले.

"जा," मामा शेवटी म्हणाले. "थोडक्यात आटप."

ती पलंगाशी गेली. सगळं क्रमाने सांगायचं ठरवलं होतं: आधी वकिलाचा खून, मग जुळी, मग डॉन एलिसेओला फुटलेला घाम. पण तो चेहरा बघितला आणि चव्वेचाळीस भाग कुठल्या कुठे गेले.

"ग्रासिएला जिवंत आहे," ती म्हणाली. "मंगळवारी आली. भर लग्नात, चर्चच्या दारात. केस कापलेत. पेटीत दगड भरले होते. तू म्हणाली होतीस तेच."

मागून आसेयेने हळूच "हो, खरं आहे," असं म्हटलं.

"तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. आणि ते उखळाचं मी बोलायला नको होतं." पोकुआने पलंगाचा पितळी दांडा धरला. "ऐकलंस का? माझं चुकलं म्हणतेय मी."

दुफीच्या गालावरची पावडर एका जागी जराशी तडकली होती. बाकी काही नाही. पोकुआ वाट बघत राहिली. बाहेर बँड सुरू झाला.

मामांनी तिच्या कोपराला हात लावला. "झालं का तुझं बोलून?"

"माझं झालं," पोकुआ म्हणाली. दांडा तिने सोडला नाही. "तिचं राहिलंय."