अंदाजपत्रकातली चूक

"नाना, चौकीदाराला तुम्ही तेरा महिन्यांचा पगार लावला आहे," आधार सोनवणे म्हणाले आणि त्या आकड्यापुढे त्यांनी हिरव्या शाईची बारीक खूण केली.

झोपाळ्यावर बसलेल्या गिरधरनानांनी पायाने हलका झोका घेतला. ते सोसायटीचे सचिव. देवपुरातल्या त्या तीन मजली इमारतीतला कोणताही फ्लॅट त्यांच्या ना-हरकत पत्राशिवाय विकला जात नसे. तळमजल्यावरच्या फ्लॅटचे मालक चुडामणशेठ सुरतेला स्थायिक झाले होते. त्यांच्याशी आधारांचा भाव ठरला होता, तोंडी होकारही झाला होता. राहिले होते ते नानांचे पत्र. पत्राऐवजी नानांनी १९९१-९२ चे अंदाजपत्रक हाती ठेवले होते. "आधी हे बघा सोनवणेसाहेब, मग ठरवा." त्यातली मासिक वर्गणी भरायची तर निम्मे निवृत्तिवेतन तिथेच संपले असते.

आधार मात्र धास्तावले नव्हते. सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून त्यांची सारी नोकरी गेली होती. चुकलेल्या आकड्यामागे बहुधा घाई असते, लबाडी नसते, हे ते नव्या कारकुनांना नेहमी सांगत. मे अखेरीस ते निवृत्त होणार होते आणि सरकारी निवासस्थान सोडावे लागणार होते. आयुष्यभर ते अशाच निवासस्थानांत राहिले. तिथे घर देताना फक्त हुद्दा विचारत. स्वतःचे घर हे पहिलेच. पत्नी पुष्पाबाईंचे गुडघे जिना चढू देत नव्हते, म्हणून तळमजला.

"आणि ही पाण्याची मोटर," आधार उत्साहाने पुढे सरकले. "वर 'मोटर बदलणे' आहे, खाली 'पंप खरेदी'. वस्तू एकच, खर्च दोनदा. शिवाय हा लिफ्टचा निधी. नाना, आपल्या इमारतीत लिफ्ट कुठे आहे?"

"तुम्ही तर आमचंच ऑडिट लावलं," नाना म्हणाले. ते हसले नाहीत.

"सवय हो. जेवायला बसलो तरी पोळ्यांची बेरीज करतो, असं आमच्या घरी म्हणतात." आधार एकटेच हसले. त्यांनी कागदाच्या समासात नवी बेरीज मांडली. वर्गणी एक तृतीयांशावर आली. "बघा. उगीच सगळ्या सभासदांवर बोजा पडला असता. मी राहायला आलो की हिशेब माझ्याकडे द्या. मानधन नको, काही नको."

पहिल्या भेटीत याच खोलीत केवढ्या गप्पा झाल्या होत्या. "सोनवणे म्हणजे कापडण्याचे का?" नानांनी विचारले होते. "नाही, दोंडाईचाकडचे." "मग आपल्याच बाजूचे की!" चहा झाला, चिवडा झाला. पुष्पाबाईंनी रिकाम्या फ्लॅटचा ओटा वितीने मोजला, खिडक्या मोजल्या. निघताना नानांच्या आई, आक्का, लगबगीने उठल्या. "बस माय, ओटी भरस. नारय लई येस," म्हणत नारळ आणायला वळल्या. दाराशी थबकून त्यांनी पुष्पाबाईंना आणखी काहीतरी विचारले आणि त्या आत गेल्या. आधार तेव्हा नानांशी पाण्याच्या वेळांबद्दल बोलत होते. बराच वेळ थांबूनही आक्का बाहेर आल्या नाहीत. "म्हातारी विसरली," रस्त्यावर आल्यावर आधार म्हणाले होते. पुष्पाबाई तशाच पुढे चालत राहिल्या होत्या. चार दिवसांनी हे अंदाजपत्रक आले.

नानांनी हिरव्या खुणांचा कागद घेतला. नव्या बेरजेकडे न पाहताच त्याची घडी घातली.

"बेरीज राहू द्या, साहेब. अजून खर्च निघतील."

"कोणते?"

"निघतील," नाना म्हणाले आणि झोपाळ्यावरून उठले.

आधार उभे राहिले. पेनला टोपण लावून त्यांनी ते खिशात ठेवले. पांझरा नदीचा पूल ओलांडताना त्यांनी सारा कागद मनात पुन्हा तपासला. तेरा महिने. दोनदा मोटर. नसलेली लिफ्ट. शाळकरी पोरालाही कळाव्यात अशा चुका. इतक्या ढोबळ चुका घाईत होत नाहीत, एवढे त्यांना कळत होते. त्यापुढचे कळत नव्हते.

घरी पुष्पाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. खिडक्यांसाठी आणलेले पडद्याचे कापड कोपऱ्यात घडी न मोडता पडले होते. आठवडाभर ते तिथेच होते, हे आधारांच्या आता लक्षात आले.

"हिशेब जमत नाही त्यांचा," ते म्हणाले. "दुसरं घर बघू."

"बघू."

"कापड कापलं नाहीस?"

पुष्पाबाईंनी ताट खाली ठेवले. "आक्कांनी दाराशी विचारलं, वास्तू कव्हय शे, कधी करणार म्हणून. मी म्हटलं, वास्तुशांत नाही, बुद्धपौर्णिमेला वंदना घेऊन राहायला येऊ."

आधार खाटेवर बसले. त्यांनी विचारले, "मग मला आठवडाभर आकडे का जुळवू दिलेस?"

"तुम्ही किती आनंदात होता," त्या म्हणाल्या. मग पुन्हा ताट मांडीवर घेत, खाली पाहत, हळूच म्हणाल्या, "आक्का विसरल्या नव्हत्या. नारळ हातात घेऊन आतल्या दारामागे उभ्या होत्या. मला दिसत होत्या."