मागची भिंत

गोदाम पाडणार नाहीत, डागडुजी करून वापरात आणणार आहेत आणि ते काम आपल्याच मुलाला मिळालंय, हे कळलं तेव्हा म्हाताऱ्या मुकादमाचा जीव भांड्यात पडला. हयात गेली होती त्याची तिथे. नंतर कितीतरी वर्षं ते कबुतरांना आंदण दिल्यासारखं पडून होतं. आता तिथे काय होणार, हे त्याने विचारलंही नाही.

काम संपल्यावर मुलगा त्याला दाखवायला घेऊन गेला. दगडी खांबांवरून हात फिरवता फिरवता मुकादमाची टकळी सुरू झाली. "ज्याचा मालक लवकर न्यायला येणार, तो माल इथे, दारापाशी. ज्याला कोणी विचारत नाही, तो पार मागच्या भिंतीला. तिकडे आम्हीसुद्धा फिरकायचो नाही रे."

मुलगा हं हं करत त्याला आत नेत राहिला. मागच्या भिंतीला लागून शेवटची खोली होती. खाटेवर मुकादमाचं घरचं पांघरूण आधीच येऊन पडलं होतं.

"अख्ख्या वृद्धाश्रमात हीच सगळ्यात शांत खोली आहे, बाबा. तुमच्यासाठी मुद्दाम अडवून ठेवली. मी येत जाईनच."

मुकादम खाटेच्या कडेला टेकला. पांघरुणाची घडी त्याने उगाचच सारखी केली.

"दारापाशी एखादी नाही का रे मिळणार?"