ओवाळणीची बॅटरी

मंगलाबाईनं डोक्यावरची बॅटरी भावाच्या टेबलावर आदळली.

"काय व्हयनं ताई?" चार्जिंगच्या तारा सोडून आनंदा उठला.

"फाटकात बंद पडला टेम्पो. ऐन रुळांवर, शाळेची पोरं आत. गाडीची शिट्टी ऐकू येत होती आणि सेल्फ नुसता टकटक करत होता. लोकांनी ढकलून काढला म्हणून पोरं वाचली."

आनंदा बॅटरीकडे बघत राहिला. काही दिवसांपूर्वीच, यंदाच्या म्हणजे त्र्याण्णवच्या भाऊबीजेला, त्यानंच ती ओवाळणी म्हणून दिली होती. ताटात मावेना, तेव्हा मंगलाबाईनं तिला पाटावर ठेवून कुंकू लावलं होतं. लाल ठिपका अजून तसाच होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर आजच शाळा उघडली होती.

"पोरांचे आईबाप माझ्या दारात उभे आहेत. म्हणतात, तुझा नवरा भाईदास पिऊन टेम्पो चालवतो. आणि तुझे दाजी खाली मान घालून ऐकताहेत. थेंबाला शिवत नाही तो माणूस!"

"दाजींनी तारा ढिल्या ठेवल्या असतील." आनंदानं झाकणं उघडली, जडपणा मोजायच्या काचेच्या नळीत ॲसिड ओढलं. आतला तरंगता फ्लोट हिरव्या पट्ट्यावर उभा राहिला. सहाही खान्यांत तेच. "बघ. ग्रॅव्हिटी फुल शे."

"आता व्होल्ट बघ."

"ग्रॅव्हिटी फुल असल्यावर व्होल्ट कशाला?"

"हे तू बोलतोस?"

तिनं खिळ्यावरचा मीटर स्वतःच काढला. उधन्यातलं हे दुकान नवं होतं तेव्हा ती इथं दिवसभर बसायची. येईल त्या गिऱ्हाइकाला आनंदा ऐटीत सांगायचा, "ॲसिड जेवढं जड, तेवढे व्होल्ट जास्त. दोघं जोडीनं चालतात. फ्लोट हिरव्यात, तर काटा साडेबाराच्या वर गेलाच पाहिजे."

तिनं दोन टोकांना तारा टेकवल्या. काटा साडेदहावर थांबला.

"एका खान्याचे दोनाहून थोडे जास्त व्होल्ट. म्हणजे सहातले पाचच खाने जिवंत," ती म्हणाली. "एक मेलेला शे. आणि त्या मेलेल्याच्या तोंडात तू वरून ॲसिड ओतलंस. पट्टा हिरवा दिसावा म्हणून."

"जुन्या बॅटरीत सगळा बाजार हेच करतो, ताई."

"बाजाराला मी ओवाळलं नव्हतं."

आनंदानं कपाटातून कोरी बॅटरी ओढली. "ही ने. नवी आहे."

"नवी नको. हीच उचल, नळी खिशात घाल. माझ्या दारात, सगळ्यांसमोर, आत्ता केलंस तेच करून दाखव. मग सांग त्यांना, पिऊन कोण होतं."

"दुकान बुडेल माझं."

"तुझं दुकान! कुणाची पोरं होती रे ती?"

त्यानं झाकणांकडे हात नेला.

"झाकणं राहू दे."

उघडी बॅटरी दोन्ही हातांनी धरून आनंदा गल्लीत उतरला. दोन्ही बाजूंना कापडाचे लूम खडखडत होते. पुढं मंगलाबाई, हातात मीटर.

"ताई, हळू चाल ना. सांडतंय."

तिनं मागं पाहिलं नाही.

आनंदा दगडाला ठेचकाळला. हिंदकळलेलं ॲसिड उघड्या खान्यांतून कुंकवावर ओघळलं. लाल ठिपका बघता बघता मूळच्या हळदीसारखा पिवळा पडला.