स्वतःलाच लावलेला फोन

हेडफोन लावून खरातकाकू स्वतःचं रक्त ऐकत होत्या. पेशींचे निरोप आता यंत्रावर टकटक ऐकू येत. काकूंची हयात सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे तीन-तीन मिनिटांचे ट्रंककॉल जोडण्यात गेली होती.

"कर्करोग झालेल्या तुमच्या या बी-पेशींना, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना, 'वाढा, वाढा' म्हणून सांगतंय कोण, तेच सापडत नाही," डॉक्टर मुजावर म्हणाले.

"कोणी नाही हो. पलीकडे कोणी असलं की बोलणारा मध्ये थांबतो. ह्या थांबतच नाहीत. स्वतःचाच नंबर फिरवून बसल्यात मेल्या!"

डॉक्टरांनी ती लाइन शोधली. खरंच, पेशींनी धाडलेला निरोप त्याच पेशींकडे परत येत होता. त्यांनी यंत्रावरच्या लाइन तोडायच्या बटणावर बोट ठेवलं. "तोडू, काकू?"

"थांबा. न सांगता मी कधी कुणाचा कॉल तोडला नाही." काकूंनी घसा साफ केला. "तीन मिनिटं झाली," असं रक्ताला बजावून त्यांनी स्वतःच ते बटण दाबलं.