दाराआडचं दुखणं

"आत जा आणि दार लावून घ्या," बायको म्हणाली. "रिपोर्ट आलाय. तुमच्या नाकात साथीचा विषाणू निघाला."

कुलूपवाले तोंडात टूथब्रश धरून तसेच उभे राहिले. आदल्या दिवशी नर्सबाई दोघांच्याही नाकातला नमुना घेऊन गेल्या होत्या. दवाखान्याचा फोन अर्थातच बायकोनं उचलला. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. घरात फोन वाजला की तो तिचाच, असा अलिखित कायदा होता.

"आणि तुझा?" त्यांनी विचारलं.

"माझं काय? मी ठणठणीत आहे. तुम्ही तेवढे माझ्यापासून लांब राहा."

एरवी कुलूपवाले कुणाच्या बापाचं ऐकणारे नव्हते. आयुष्यभर लोखंडाचा कीस छातीत गेल्यानं त्यांचा श्वास भात्यासारखा वाजायचा. असा ताप तुमच्या छातीला झेपणार नाही, साथ ओसरेपर्यंत घरी बसा, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. तरी कुणाच्या कपाटाची किल्ली हरवली की हे नाकाला रुमालही न बांधता निघालेच. स्वतःच्या जिवाची गोष्ट निघाली की त्यांना ऐकू येईनासं व्हायचं. पण आपल्यामुळे हिला लागण होईल म्हटल्यावर ते मुकाट्यानं मागच्या खोलीत गेले. शहरातलं कुठलंही कुलूप उघडणारा माणूस नुसत्या लोटलेल्या दाराआड जाऊन बसला.

बायकोनं व्यवस्था चोख लावली. मागच्या खोलीला गॅलरी होती, तिच्या एका टोकाला न्हाणीघर आणि दुसऱ्या टोकाला खाली उतरणारा जिना. खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यानं येऊन गॅलरीतल्या स्टुलावर डबा ठेवून जाई. बायकोनं आपलं स्वयंपाकघर असं दुसरीच्या हवाली केलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण तुमच्या भांड्यांना माझा हात लागायला नको, असं तिनं दाराआडून सांगितलं आणि ते त्यांना पटलं. खिडक्या सताड उघड्या ठेवा, खोकला आला तर कोपरात खोका, शेजारणीशी बोलताना मास्क लावा, हात धुवा, अशा सूचना सुटतच होत्या. कुलूपवाल्यांनी हात इतके धुतले की साबणाच्या वडीचं पातं झालं.

पहिल्या दिवशी त्यांना आपलं कपाळ चांगलंच तापल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटेना. जेवण तर एका घासानंही कमी झालं नाही. त्या विषाणूची आपल्यापुढे डाळ शिजलेली नाही, हे त्यांनी शेजारणीला गॅलरीतून दोनदा ऐकवलं. ती हसली आणि जिना उतरली.

दुपारी बायको दाराच्या पलीकडे खुर्ची ओढून बसायची. खुर्ची आणखी मागे ने, असा त्यांचा रोज हट्ट. ती नेल्याचा आवाज करायची. मग दोघं दारातून बोलायची. लग्नानंतर एवढ्या गप्पा झाल्या नव्हत्या, असं तीच एकदा म्हणाली. तिचा आवाज बसला होता. त्यांनी काळजीनं विचारलं, तर म्हणाली, बंद दारातून बहिऱ्याशी बोलायचं म्हणजे घसा बसणारच. त्यांना वाईट वाटलं. त्या दिवसापासून ते आपणच जास्त बोलू लागले, म्हणजे तिला नुसतं हुं म्हणता यावं.

एका दुपारी खुर्ची सरकलीच नाही.

त्यांनी हाक मारली. दार ठोठावलं. शेवटी मोबाइलवरून घरचा फोन लावला. तो बाहेर वाजत राहिला. जिनं कधी तिसरी घंटा होऊ दिली नव्हती, तिनं तो उचलला नाही.

कुलूपवाल्यांचा हात दाराच्या मुठीवर गेला. मूठ फिरवली की झालं. पण तिला नुसती डुलकी लागली असेल आणि आपण हा ताप नेऊन तिच्या उशाशी ठेवला तर? हात मुठीवरच राहिला.

"काका, बाहेर येऊ नका," पलीकडून नर्सबाईंचा आवाज आला. "मी आहे इथं. काकू थकल्यात, त्यांना झोपू द्या."

"लागण झाली का तिला? माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे काहीसुद्धा झालेलं नाही. आता तुम्ही आत राहिलात, तर त्यांना बळ येईल. तेवढं करा त्यांच्यासाठी."

ते दाराला पाठ टेकून जमिनीवर बसले. शेजारणीनं ठेवलेला डबा तसाच राहिला. संध्याकाळी पलीकडून बायकोचा बारीक आवाज आला, "जेवा की. उपाशी राहून काय मिळणार?" तेव्हा या पोलादी गड्याच्या डोळ्यांना धार लागली. मग ते जेवले.

आणखी काही दिवस गेले. एका सकाळी नर्सबाईंनीच दार उघडलं आणि म्हणाल्या, "या, काका."

बायको खिडकीपाशी शाल पांघरून बसली होती. गाल आत गेले होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. दुखणं आपलं आणि काळजीनं वाळली ही. ते चार पावलं अलीकडेच थांबले.

"किती झिजलीस गं माझ्यापायी," ते म्हणाले.

बायको मान खाली घालून हसली.

त्यांनी नाकावरचा मास्क नीट केला आणि नर्सबाईंकडे वळले. "बाई, खरं सांगा. माझ्यापासून हिला आता धोका नाही ना? जवळ बसलो तर चालेल?"

"बसा की," नर्सबाई म्हणाल्या. "तुमच्यापासून कधीच नव्हता, काका. काकूंपासून तुम्हाला होता, तो आज संपला."